बायकोचा पगार, नवऱ्याचा टॅक्स

माझ्या नोकरीचे पेढे अजून शेजारीसुद्धा पोचले नव्हते, पण "आता ह्याचा टॅक्स वाढणार" हे भाकीत घरात येऊन बसलं होतं. सांगणारे आमच्या वन्संचे मिस्टर. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, दर महिन्याला जीएसटी भरतात, त्यामुळे टॅक्समधलं त्यांना सगळं कळतं हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. "दोघं कमवायला लागले की दोघांचं एकत्र धरतात," ते ह्यांना म्हणाले. "वहिनींचा पगार तुझ्या पगारावर चढणार आणि वरच्या स्लॅबनं कापणार. माझ्या घरात झालंय म्हणून सांगायलोय."

त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून धाकट्या भावजींचा फोन आला. माझं अभिनंदन केलं, आणि मग ह्यांना म्हणाले, "हिला जॉब लागला त्या वर्षी आम्हाला एप्रिलमध्ये वरून पैसे भरावे लागले, दादा. आधीच बघून घे."

एक साक्षीदार कारखानदार आणि दुसरा अमेरिकेतला. सासूबाईंच्या दृष्टीनं निकाल लागला होता.

मी बी.कॉम. लग्नाआधी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलं करायचे. मग मुलं, सासऱ्यांचं आजारपण, आणि बरीच वर्षं घर. ऑगस्ट २०२४ मध्ये टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंटेशनला लागले. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल ही कामं. पगार महिना ४२,०००. हे चिंचोळी एमआयडीसीत इंजिनियर, वर्षाला १४ लाखांच्या आसपास. म्हणजे वन्संच्या मिस्टरांचं खरं असतं तर माझ्या पहिल्या रुपयावरच वीस टक्के गेले असते.

रुजू होताना एचआरच्या मुलानं कागदांचा गठ्ठा पुढं केला. पीएफ, नॉमिनी, बँकेचा तपशील, पॅन, आधार, आणि शेवटी एका पानावर प्रश्न: जुनी करप्रणाली की नवी? सगळी पानं मागूनपुढून बघितली. नवऱ्याच्या उत्पन्नाचा रकाना कुठंच नव्हता. विचारलं, तर तो पोरगा माझ्याकडं बघतच राहिला. "मॅडम, सरांचं कशाला लागतंय?"

त्याचं बरोबर होतं. आपल्याकडं आयकर माणसावर आहे, जोडप्यावर नाही. माझा पॅन वेगळा, माझे स्लॅब वेगळे, नव्या प्रणालीत पगारातून मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट मला वेगळी आणि ह्यांना वेगळी. माझ्या पॅनकार्डावर तर अजून माझ्या वडिलांचंच नाव आहे. लग्नानंतर आडनाव बदलून घेतलं होतं, पण वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव तिथं लागत नाही. सासूबाईंना ते कधीच पटलेलं नाही. मला आता पटायला लागलंय.

मग दोन्ही साक्षीदार खोटं बोलत होते का? तसंही नाही. भावजींचं अमेरिकेपुरतं अगदी खरं आहे. तिकडं बहुतेक नवरा-बायको मिळून एकच रिटर्न भरतात. दोघांची मिळून एक वजावट, दोघांना मिळून स्लॅबचा एकच जिना. घरात एक पगार आधीपासून असला की त्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या भरलेल्या असतात, आणि दुसऱ्याचा पहिला डॉलरसुद्धा वरच्या पायरीवर जाऊन पडतो. त्यात दोघांच्या कंपन्या पगारातून कर कापताना समोरच्या पगाराचा विचार करत नाहीत. डब्ल्यू-४ नावाच्या फॉर्ममध्ये आपणहून सांगावं लागतं. सांगितलं नाही तर कमी कापला जातो आणि एप्रिलमध्ये खिशात हात घालावा लागतो. भावजींचं तेच झालं होतं.

आपल्याकडंही जोडप्यांना हवं तर एकत्र रिटर्न भरता यावं, अशी सूचना २०२५ च्या बजेटआधी सीए लोकांच्या संस्थेनं, आयसीएआयनं, केली होती. ती बजेटात काही आली नाही. एका पगारावर चालणाऱ्या घराला तिचा फायदा झाला असता, हे मान्य. पण बऱ्याच वर्षांनी नोकरीला लागलेल्या बाईच्या पगाराकडं घरचे "वरची भर" म्हणून बघतातच. कायद्यानंही तसंच बघितलं असतं. मला आहे तेच बरं वाटतं. आपल्याकडं जोडपं म्हणून हिशोब होतो तो गोव्यात आणि दादरा-नगर हवेली, दमण-दीवमध्ये, तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळं. तिथं नवरा-बायकोचं उत्पन्न निम्मं निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये जातं. पण पगार तिथंही ज्याचा त्यालाच.

राहिले वन्संचे मिस्टर. त्यांची गोष्ट जास्त कामाची, कारण सोलापुरात ती घरोघर आहे. त्यांनी वन्संना स्वतःच्याच कारखान्यात पगार दाखवला होता. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ६४ नेमकं ह्याच्यासाठी. ज्या धंद्यात नवऱ्याचा वीस टक्के किंवा जास्त हिस्सा आहे, तिथून बायकोला पगार किंवा कमिशन मिळालं तर ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. बायकोकडं तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच ज्ञानाच्या जोरावर मिळत असेल, तर मात्र तो तिचा. वन्सं टेक्स्टाइल डिप्लोमा करून डिझाइन बघत असत्या तर प्रश्न नव्हता. त्या चेकवर सह्या करतात. म्हणून त्यांचा पगार मिस्टरांच्या डोक्यावर चढला, आणि त्यांनी तो नियम माझ्या पगारालाही लावून टाकला. माझ्या कंपनीत ह्यांचा एक शेअरही नाही.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण जुलैमध्ये बँकेचा एक मेसेज आला होता, तो डोक्यात राहिला होता.

एप्रिल २०२४ मध्ये ह्यांची एक जुनी विमा पॉलिसी पिकली. आलेल्या रकमेतले सहा लाख ह्यांनी माझ्या नावावर एफडीत टाकले, सात टक्क्यांनं, व्याज दर तिमाहीला माझ्या बचत खात्यात. तेव्हा माझी नोकरी ठरलेली नव्हती. ह्यांचा विचार सरळ होता: हिला कर नाही, मग व्याजावर कर नाही. तिमाहीला १०,५०० यायला हवे होते. मेसेजमध्ये होते ९,४५०. बँकेत विचारलं, तर वर्षाचं व्याज ४०,००० च्या वर जाणार म्हणून दहा टक्के टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापला, असं कळलं. (ती मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली आहे.) काउंटरवरच्या बाईंनी लगेच ड्रॉवरमधून १५जी फॉर्म काढून दिला. "हा भरा, पुढच्या वेळी कापणार नाही." वर खुणेच्या फुल्याही मारून दिल्या, इथं सही, इथं सही.

फॉर्म पर्समध्ये तसाच राहिला. नोकरी लागल्यावर, माझं उत्पन्न करमुक्त तीन लाखांच्या खालीवर जाण्याचा हिशोब सुरू झाला तेव्हा, ह्यांनी मला नवी पेठेतल्या टॅक्सवाल्या काकांकडं नेलं. हे काका वर्षानुवर्षं कारखानदारांची रिटर्नं भरतात. जिना चढून गेलं की लाल कापडात बांधलेले गठ्ठे, खुर्चीवर घामासाठी टाकलेला सोलापुरी टॉवेल, आणि टेबलावर कॉम्प्युटर असूनही हातात पेन्सिल. काकांनी १५जी उलटासुलटा करून बघितला आणि माझ्याकडं परत सरकवला.

"सही केली नाही, चांगलं केलं. ह्याच्यावर तुम्ही लिहून देणार की हे माझं उत्पन्न आहे आणि मला कर लागत नाही. कर लागत नाही, खरंय. पण उत्पन्न तुमचं कुठाय?"

"एफडी माझ्या नावावर आहे."

"नाव तुमचं. पैसे आले कुठनं?"

ह्यांनी मान खाली घातली. काकांनी कागदावर उभी रेघ मारून दोन बाजू केल्या, एकीकडं 'साहेब', एकीकडं 'वहिनी'. नवऱ्यानं बायकोला कितीही रक्कम भेट दिली तरी त्या भेटीवर कुणालाच कर नाही. सहा लाख आता कायद्यानं माझेच. पण त्या सहा लाखांवर जे व्याज येईल, ते दर वर्षी ह्यांच्या उत्पन्नात मिळवायचं. ह्यालाच क्लबिंग म्हणतात. नाहीतर वीस-तीस टक्के भरणारा प्रत्येक जण घरी बसलेल्या बायकोच्या नावावर सगळं टाकून मोकळा झाला असता.

मग काकांनी आकडे मांडले. एफडीच्या वर्षाच्या व्याजाचे ४२,००० माझ्या बाजूला असते तर कर शून्य. साहेबांच्या बाजूला गेले की वीस टक्के कर आणि त्या करावर चार टक्के सेस, म्हणजे ८,७३६ रुपये. जुन्या करप्रणालीत ह्यांचा दर तीस टक्क्यांचा येत होता, तिथं १३,१०४ झाले असते. गृहकर्जाचं व्याज, पीपीएफ, मेडिक्लेम सगळं धरून काकांनी दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी काढल्या होत्या: हे ४२,००० सोडून जुनीत १,२०,९००, नवीत १,०९,२००. त्यामुळे नवीच.

मला गंमत वाटली ती ह्याची की नोकरीनं ह्यांच्या करात एक रुपयाची भर पडली नव्हती. भर पडली ती मी काहीच कमवत नव्हते तेव्हाच्या पैशानं. अख्ख्या घरानं संशय घेतला होता भलत्याच पैशावर.

मग माझे प्रश्न सुरू झाले. काका चहा मागवून निवांत बसले, त्यांना बहुतेक सवय असावी. माझ्या वडिलांनी दिलेल्या एक लाखाची जुनी एफडी आहे, तिचं काय? ती तुमची, व्याजही तुमचं. क्लबिंग नवऱ्याकडून आलेल्या पैशाला. घरखर्चातून वाचवून डब्यात ठेवलेले आहेत, ते? काका हसले. घर चालवायला दिलेल्या पैशातून बाईनं वाचवले तर त्याला नवऱ्यानं दिलेली मालमत्ता म्हणत नाहीत, असे जुने निकाल आहेत. पण डब्याला पासबुक नसतं, म्हणून बेतानं. लग्नाआधी ह्यांनी अंगठी दिली होती ती? तेव्हा तुम्ही बायको नव्हता. भेट देतानाही नातं पाहिजे आणि उत्पन्न येतानाही. आणि एफडीचं जे व्याज माझ्या खात्यात येतं, ते मी आरडीत टाकते, त्या आरडीचं व्याज? "ते तुमचं. सहा लाखांचं व्याज साहेबांचं, पण व्याजाच्या व्याजाला क्लबिंग नाही." हे मला दोनदा विचारावं लागलं.

मुलांच्या खात्यांचंही त्यांनीच काढलं. आजोबांनी अठरा वर्षांखालच्या नातवाच्या नावावर ठेवलेल्या पैशाचं व्याज आई-बापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याकडं जातं. आमच्यात ते ह्यांच्याकडं. रक्कम किरकोळ होती, पण काकांनी तीही लिहून घेतली.

ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं, गृहकर्जात नाव घाल, तुलाही दोन लाखांची वजावट मिळेल. काकांनी ते एका वाक्यात उडवलं. घरात आणि कर्जात दोन्हीकडं नाव पाहिजे, हप्ता स्वतः भरायला पाहिजे, आणि वजावट मिळते जुन्या प्रणालीत. "तुमचा कर शून्य. शून्यातनं काय वजा करणार?"

निघताना त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मात्र आमच्या घरात सगळ्यात जास्त गाजलं. "आता ह्याच्या पुढं घरखर्च साहेबांच्या पगारातनं करा, आणि साठवायचं ते तुमच्या पगारातनं." खर्च झालेल्या पैशाला उत्पन्न येत नाही. साठवलेल्याला येतं, आणि ते ज्याच्या पगारातून साठवलं त्याचं. माझ्या पगारातली एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, माझी, तिचा नफाही माझाच. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर दर माणशी वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, ती सूटही मग दोघांना वेगवेगळी. ह्यात लपवाछपवी काहीच नाही. फक्त पैसे एका खात्यातून दुसऱ्यात मिसळू द्यायचे नाहीत, आणि जॉइंट खातं असलं तरी पैसे कुणाचे ते पासबुकात दिसलं पाहिजे.

कागदावर हे फार सोपं दिसतं. आमचे सासरे मिलमध्ये होते. पगाराच्या दिवशी पाकीट सासूबाईंच्या हातात यायचं आणि त्यातूनच वाणी, दूध, फी. पगार म्हणजे घरात दिसणारी वस्तू, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. इथं सून रोज डबा घेऊन जाते, संध्याकाळी दमून येते, आणि किराणा अजून पोराच्याच पैशातून. दिवाळीला त्यांनी वन्संना फोनवर सांगितलेलं मी ऐकलं: "पगार होतोय म्हणतात. दिसला न्हाई मला अजून."

खरं सांगायचं तर मलाही ते जड जात होतं. पहिल्या पगारातून घरात काहीतरी आणावं असं कुठल्या बाईला वाटत नाही? सासूबाईंना इरकल आणली, मुलांना कपडे, ते झालंच. पण दर महिन्याच्या वाण्याचं बिल स्वतःच्या कार्डानं भरण्यात एक ताठा असतो, तो मला हवा होता, आणि काकांची पेन्सिल आडवी येत होती. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. दूध आणि भाजी माझ्याकडं, बाकी सगळं ह्यांच्याकडं, आणि माझ्या पगारातले वीस हजार महिन्याच्या पाच तारखेला एसआयपीत. कराच्या दृष्टीनं हे शंभर टक्के काटेकोर नाही. पण भाजीवाला माझ्याकडं पैसे मागतो, एवढं सासूबाईंना दिसतं.

बँकेचं प्रकरण त्यानंतरचं. कापलेला टीडीएस माझ्या पॅनवर जमा होत होता आणि उत्पन्न ह्यांच्या रिटर्नमध्ये जाणार होतं. ह्यासाठी तेव्हाच्या आयकर नियमांत ३७बीए नावाची तरतूद होती. ज्याच्या नावावर कापलं त्यानं बँकेला लिहून द्यायचं की हे उत्पन्न अमुक माणसाचं आहे, त्याचा पत्ता, पॅन आणि कारण हे. मग बँकेनं टीडीएस त्याच्या पॅनवर दाखवायचा. काकांनी मजकूर लिहून दिला, मी सही केली, दोन प्रती घेऊन शाखेत गेले.

काउंटरवर त्याच बाई. त्यांनी वाचलं, शेजारच्यांना दाखवलं. "असला फॉर्म आपल्याकडं नाही बघा. १५जी देऊ का?" मी म्हटलं, हा फॉर्म नाही, अर्ज आहे. मॅनेजरकडं पाठवलं. मॅनेजर नवीन होते, त्यांनी मनापासून वाचला आणि मनापासून सांगितलं की सिस्टिममध्ये असा पर्याय नाही, मुख्य कार्यालयाला विचारतो. बाहेर बाकावर बसले होते तर शिपाई म्हणाला, "काय करालाव मॅडम इतका वेळ? पासबुक भरायचंय का?" मी एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला आणि आले. मुख्य कार्यालयाचं उत्तर कधी आलं नाही. पुढच्या तिमाहीतही १,०५० माझ्याच पॅनवर, त्याच्या पुढच्याही. वर्षाचे एकूण ४,२००.

आर्थिक वर्ष संपलं. माझे आठ महिन्यांचे ३,३६,००० झाले. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की २,६१,०००. बचत खात्याचं आणि वडिलांच्या एफडीचं व्याज धरूनही त्या वर्षीच्या तीन लाखांच्या मर्यादेत. कंपनीनं कर कापलाच नव्हता; कापायचे ते फक्त व्यवसाय कराचे, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. माझ्या शेजारी बसणारीला तेही नाहीत, कारण महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही.

रिटर्न भरायची मला सक्ती नव्हती. पण एआयएस उघडलं, तर माझ्या नावापुढं ते ४२,००० व्याज ठसठशीत उभं होतं. एआयएस म्हणजे तुमच्या पॅनवर वर्षभरात कुणी काय काय कळवलं त्याची यादी. आयकराच्या पोर्टलवर ज्याची त्याला दिसते. मला वाटतं प्रत्येक बाईनं ती एकदा उघडून बघावी, नोकरी असो नसो. आपल्या नावावर घरात काय काय चाललंय ते तिथं कळतं. त्यात प्रत्येक नोंदीपुढं अभिप्राय देता येतो. 'माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित आहे' असा पर्याय आहे, तो मी निवडला आणि ह्यांचा पॅन घातला.

दरवर्षी हे आयटीआर-१ हा रिटर्नचा सोपा फॉर्म भरतात, मोबाइलवर, जेवण झाल्यावर. ह्या वेळी ते चालणार नव्हतं. बायकोचं व्याज नुसतं मिळवायचं असतं तर आयटीआर-१ मध्ये जमलं असतं. पण टीडीएस दुसऱ्याच्या नावावर कापलेला असेल तर आयटीआर-१ बाद, आयटीआर-२ घ्यायचा. त्यात एसपीआय नावाचं परिशिष्ट आहे. नाव, पॅन, नातं, रक्कम, उत्पन्नाचा प्रकार. 'नातं' ह्या रकान्यात ह्यांनी 'पत्नी' लिहिलं. एवढ्या सगळ्या खटाटोपात लग्नाचा उल्लेख आला तो तेवढाच. पुढं टीडीएसच्या तक्त्यात, हा कर माझ्या पॅनवर नाही, दुसऱ्याच्या पॅनवर कापला आहे, असं निवडून माझा पॅन आणि ४,२००. माझ्या रिटर्नमध्ये ह्याच्या उलट: माझ्या नावावर कापले ४,२००, मी मागते शून्य, नवरा मागतो ४,२००. म्हणून मलाही आयटीआर-२. काकांनी माझं आधी भरलं, मग ह्यांचं, म्हणजे जुळवणी करताना माझी बाजू आधीच तिथं असेल.

८,७३६ मधून ४,२०० वजा जाता ४,५३६ ह्यांनी चलनानं भरले. बाकी रक्कम दहा हजारांच्या आत असल्यामुळं आगाऊ कराचा प्रश्न आला नाही. त्या वर्षी ३१ जुलैची मुदत सरकारनं १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती, आणि शेवटी आणखी एक दिवस. आम्ही गणपतीच्या आधीच उरकलं. आधारच्या ओटीपीनं पडताळणी केली, ती तीस दिवसांत करावी लागते, नाहीतर भरलेलं रिटर्न भरल्यासारखं होत नाही. पुढं ह्यांचं प्रोसेस झाल्याचा मेल आला, त्यात ४,२०० मान्य केलेले होते.

आणि वन्संच्या मिस्टरांचं भाकीत? २०२५-२६ पासून नव्या प्रणालीचे स्लॅब बदलले. चार लाखांपर्यंत शून्य, आणि बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर पगारावरचा कर कलम ८७अ च्या सवलतीत माफ. माझा पूर्ण वर्षाचा पगार ५,०४,०००, वजावटीनंतर ४,२९,०००. कर निघतो १,४५०, आणि तो माफ. ह्यांचा तेवढ्याच पगारावरचा कर १,०९,२०० वरून ८१,९०० वर आला. वन्संच्या मिस्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ते बजेटमुळं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू होणार, कलमांचे नंबर बदलणार, असं म्हटल्यावर ते थोडे खूश झाले. क्लबिंग मात्र नव्या कायद्यातही आहेच.

सहा लाखांचा निकाल तोवर लागला होता. एप्रिल २०२५ मध्ये एफडीची मुदत संपली, तेव्हाच काकांना विचारून घेतलं होतं. माझ्या नावावर ठेवा नाहीतर ह्यांच्या, कर ह्यांनाच. पण मुलानं आईला दिलेल्या पैशाला क्लबिंग नाही. कलम ६४ मध्ये बायको आहे, अज्ञान मूल आहे, सासूनं किंवा सासऱ्यानं सुनेला दिलेलं आहे; आई नाही. काकांनी एक गोष्ट बजावली: भेट म्हणजे भेट. पैसे आईचे झाले की आईचे, उद्या त्यात वन्संचाही वाटा, मग कुरकुर चालणार नाही. ह्यांनी दोन दिवस विचार केला. मीही केला, आमच्या म्हातारपणाच्या नावानं ठेवलेले पैसे होते ते. शेवटी रक्कम माझ्या खात्यातून ह्यांच्या, ह्यांच्या खात्यातून सासूबाईंच्या, सोबत भेटीचा साधा कागद. ज्येष्ठ नागरिकांचा दर जास्त, साडेसात टक्के, वर्षाचे ४५,०००.

एफडी करायला सासूबाईंना मीच घेऊन गेले. काउंटरवर त्याच बाई. त्यांनी ड्रॉवर उघडून ज्येष्ठांसाठीचा १५एच काढला आणि फुल्या मारायला घेतल्या. सासूबाई चष्मा लावून म्हणाल्या, "पंचेचाळीस हजाराला कशाला पायजे हो तो? म्हाताऱ्यांची मर्यादा एक लाखाची झाली की ह्या महिन्यापासून. सून सांगत होती."